पडद्यावरचा जॅझ: कोण कोणाचे ऐकते?

मूळ लेख

चित्रपटात ओला रस्ता दिसला, कोणी सिगारेट पेटवली आणि मागे सॅक्सोफोन वाजू लागला, की 'या चित्रपटाला जॅझचे पार्श्वसंगीत आहे' असे आपण सहज म्हणून जातो. गेले काही महिने मी असे चित्रपट ठरवून, जमेल तितक्या कालक्रमाने पाहत आहे. पाहता पाहता माझे एक मत बनत गेले असून ते जाणकारांपुढे तपासून घ्यावे, म्हणून हा धागा काढत आहे. जॅझ चित्रपटात दोन निरनिराळ्या वाटांनी येतो, असे मला वाटते. एका वाटेने तो निव्वळ खूण म्हणून येतो आणि रात्र, गुन्हा, मोह, व्यसन किंवा मोठ्या शहरातला एकटेपणा प्रेक्षकाला झटकन कळावा, एवढेच त्याचे काम असते. दुसऱ्या वाटेने येतो तेव्हा वादक पडद्यावरच्या प्रतिमेला सहवादक मानतात, तिचे ऐकतात आणि तिला उत्तर देतात. पहिल्या प्रकारची उदाहरणे पुष्कळ आहेत, दुसऱ्या प्रकारची मोजकीच आहेत, आणि मला धरून ठेवणारे जे काही सापडले ते बहुतेक या मोजक्या चित्रपटांतच.

१९२७ सालच्या 'द जॅझ सिंगर'पाशी मी थांबत नाही. त्याच्या नावात जॅझ असला तरी अल जोल्सन यांची त्यातली गाणी आज आपण ज्याला जॅझ म्हणतो त्यापासून बरीच दूर आहेत, आणि गोऱ्या गायकाने तोंडाला काळा रंग फासून गाण्याची त्या काळच्या अमेरिकी रंगमंचावरची पद्धतही त्यात जशीच्या तशी आहे. त्यापेक्षा १९२९ साली डडली मर्फी यांनी केलेले दोन लघुपट अधिक मोलाचे आहेत. त्यांपैकी एकात ड्यूक एलिंग्टन आपल्या वाद्यवृंदासह दिसतात आणि दुसऱ्यात बेसी स्मिथ गातात. बेसी स्मिथ यांना पडद्यावर पाहण्याची तेवढी एकच संधी आपल्याला उरली आहे.

चाळीसच्या दशकातले काळोखे गुन्हेपट आणि जॅझ यांची सांगड आपल्या मनात पक्की बसलेली आहे. प्रत्यक्षात ते चित्रपट कान देऊन पाहिले, तर त्यांचे पार्श्वसंगीत बहुतेक वेळा सिम्फनीच्या वळणाचे निघते. १९४४ सालच्या 'डबल इन्डेम्निटी'ला मिक्लोश रोझा यांचे भारदस्त वाद्यवृंदाचे संगीत आहे. जॅझ असतो तो कथेच्या आत, एखाद्या तळघरात किंवा नाइटक्लबात. त्याच वर्षीच्या 'फँटम लेडी'मध्ये एका कोंदट खोलीत वादक बेभान होऊन वाजवतात आणि ड्रमवादकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा असा रोखला जातो, की ते वादन वासनेचे दुसरे नाव होऊन बसते. म्हणजे दिग्दर्शक जॅझ ऐकत नव्हते, त्याच्याकडे बोट दाखवत होते. ज्या सॅक्सोफोनमुळे आपण आज तो काळ ओळखतो, तो बराचसा नंतरच्या चित्रपटांनी आणि दूरचित्रवाणी मालिकांनी मागाहून त्या काळावर चढवला आहे.

जॅझ पार्श्वसंगीताच्या गाभ्यात शिरला तो १९५१ साली, अलेक्स नॉर्थ यांनी 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'साठी केलेल्या संगीतातून. जिन्यावरच्या प्रसिद्ध प्रसंगाचे त्यांचे संगीत फारच कामुक आहे, असा आक्षेप कॅथलिक नीतिरक्षकांच्या संघटनेने घेतल्यामुळे तिथे अधिक सोज्वळ संगीत घालावे लागले. मूळ संगीत प्रेक्षकांपर्यंत पोहोचले ते १९९३च्या पुनर्स्थापित आवृत्तीत. पुढे १९५५ साली एल्मर बर्नस्टाइन यांनी 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'साठी शॉर्टी रॉजर्स आणि शेली मॅन यांच्यासारखे खरे जॅझवादक घेऊन एक जबरदस्त ध्वनिपट्टी केली. परंतु त्या चित्रपटाचा नायक हेरॉइनच्या आहारी गेलेला आहे आणि त्याचे स्वप्न ड्रमवादक होण्याचे आहे, त्यामुळे संगीत उत्तम असूनही जॅझ आणि व्यसन यांची गाठ प्रेक्षकाच्या मनात आणखी घट्ट बसली.

आता मुख्य उदाहरण. डिसेंबर १९५७मध्ये पॅरिसमधल्या एका ध्वनिमुद्रण केंद्रात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस रात्रीच्या वेळी चार साथीदारांसह जमले. टेनर सॅक्सोफोनवर अवघे वीस वर्षांचे बार्ने विलेन, पियानोवर रने उर्त्रेजे, डबल बेसवर पिएर मिशलो आणि ड्रमवर केनी क्लार्क होते. डेव्हिस यांनी मनाशी थोड्याशा स्वरसंगती ठरवून ठेवल्या होत्या, पण लिहून काढलेले संगीत नव्हते. लुई माल या तरुण दिग्दर्शकाच्या 'एलिव्हेटर टू द गॅलोज' या चित्रपटातली निवडक दृश्ये त्यांच्यासमोर पुन:पुन्हा दाखवली जात होती आणि ती पाहत ते वाजवत होते. चित्रपट सुमारे दीड तासाचा असून त्यात संगीत जेमतेम अठरा मिनिटांचे आहे. जान मोरो यांनी साकारलेली फ्लोरन्स रात्रभर पॅरिसमध्ये प्रियकराला शोधत फिरते. तो तिच्या नवऱ्याचा खून करून लिफ्टमध्ये अडकला आहे, हे तिला ठाऊक नसते. कॅमेरामन आंरी दकाए यांनी तिच्या चेहऱ्यासाठी वेगळे दिवे न लावता दुकानांच्या काचांतून येणाऱ्या उजेडावर भिस्त ठेवली. या दृश्यात ट्रम्पेट तिच्या दुःखाचे वर्णन करत नाही. तो तिच्या एक पाऊल मागे चालतो. ती थांबली की तो श्वास घेतो, ती वळली की एक स्वर लांबवतो, आणि पुष्कळदा गप्प बसतो. मला जो फरक सांगायचा आहे तो या गप्प बसण्यात आहे. केवळ खूण म्हणून वापरलेले संगीत गप्प बसू शकत नाही, कारण ते थांबले की त्याचे कामच संपते.

मोजक्या स्वरसंगतींवर दीर्घकाळ थांबून सुरावट फुलवण्याची जी रीत डेव्हिस यांनी १९५९च्या 'काइंड ऑफ ब्लू' या ध्वनिमुद्रिकेत पूर्णत्वाला नेली, तिच्या खुणा या रात्रीच्या ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येतात. चित्रपटाने जॅझकडून घेतले, हे सगळेच सांगतात. इथे चित्रपटाने जॅझला काही दिले, असे मी म्हणेन. आपणा सर्वांची मते, विशेषतः विरोधी मते, जाणून घ्यायला आवडतील.

प्रतिसाद १

मी ध्वनिसंकलनाचे काम करतो, म्हणून त्या बाजूने थोडे लिहितो. आपण ज्याला खूण म्हणता, ती पुष्कळदा दिग्दर्शकाच्या आळसामुळे नव्हे, तर कामाच्या पद्धतीमुळे तयार होते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेमनी) धावतो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर दर बाराव्या चौकटीला एक मात्रा पडते. या हिशेबावर क्लिक ट्रॅक बेतला जातो आणि वादक कानाला इअरफोन लावून त्या टिकटिकीबरोबर वाजवतात, म्हणजे दार आपटणे आणि ब्रास वाद्यांचा आघात एकाच चौकटीवर येतात. सिम्फनीच्या वळणाच्या संगीताला हे जाचत नाही असे नाही, पण तिथे निभावून जाते. जॅझमध्ये मात्र ड्रमवादक मात्रेच्या किंचित पुढे रेटतो, सॅक्सोफोनवादक किंचित मागे रेंगाळतो, आणि त्या ओढाताणीतूनच स्विंग, म्हणजे जॅझच्या लयीतला झोका, जन्माला येतो. सगळ्यांना एकाच टिकटिकीला बांधले, की सूर तेच राहतात, पण त्यातला डौल निघून जातो. पॅरिसच्या त्या रात्री दृश्यांची आवर्तने समोर होती आणि वादकांना चौकट गाठण्याची सक्ती नव्हती, हे त्या संगीताच्या मोकळेपणाचे साधे, तांत्रिक कारण आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या वर्णनात जोडायला हवी. त्या ट्रम्पेटभोवती जो घुमारा आहे, ज्याला आपण सगळे पॅरिसची रात्र समजतो, तो ध्वनिमुद्रणानंतर कृत्रिमरीत्या घातलेला आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्या सत्रातील वादन घुमाऱ्याशिवाय प्रसिद्ध झाले. ते ऐकताना वादक अगदी शेजारी बसल्यासारखे वाटतात, स्वर कोरडे आणि जवळचे आहेत. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहावीत. रस्ता, रात्र आणि अंतर यांतला मोठा वाटा ध्वनिमिश्रण करणाऱ्याचा आहे, हे लक्षात येते. वादकांनी प्रतिमेचे ऐकले हे खरेच, पण नंतर तंत्रज्ञाने त्या वादकांचे ऐकले.

प्रतिसाद २

धागाकर्त्यांच्या विभागणीला माझा ठाम विरोध आहे. उत्स्फूर्त वाजवलेले तेवढे अस्सल आणि कागदावर लिहिलेले ते दुय्यम, असा सूर मूळ लेखातून निघतो, आणि तो एलिंग्टन यांच्यासारख्या रचनाकारावर अन्याय करणारा आहे. १९५९च्या 'अनॅटमी ऑफ अ मर्डर'चे संगीत एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न यांनी लिहिलेले आहे. त्याला ग्रॅमीचे तीन पुरस्कार मिळाले, पण पुरस्कारांपेक्षा त्या संगीताची जागा महत्त्वाची आहे. कथा मिशिगनच्या उत्तरेकडच्या एका लहान गावातली आहे, मासेमारीची आवड असलेल्या वकिलाची आहे, आणि त्या गावात काळोखी गल्ली किंवा बदनाम क्लब यांचा संबंध नाही. वकील फावल्या वेळात स्वतः पियानोवर जॅझ वाजवतो. एका प्रसंगात एलिंग्टन स्वतः पियानोजवळ दिसतात आणि वकिलाची भूमिका करणारे जेम्स स्ट्युअर्ट त्यांच्या शेजारी बसून वाजवतात.

या चित्रपटात खून आहे, बलात्काराचा आरोप आहे, म्हणजे जॅझला खूण करून टाकण्याची सारी सामग्री हाताशी होती. तरीही एलिंग्टन यांचे संगीत गुन्ह्याला चिकटत नाही. ते वकिलाच्या बुद्धीला चिकटते. साक्षीदाराच्या बोलण्यातली फट हेरणारा माणूस आणि सहवादकाच्या वाक्यातली मोकळी जागा हेरणारा वादक यांच्यातले साम्य ते दाखवते. न्यायालयातल्या प्रसंगांना बहुतांश संगीतच नाही, कारण तिथे माणसे स्वतःच सवाल-जवाब करत असतात. आपण मूळ लेखात गप्प बसण्याचे कौतुक केले आहे. ते गप्प बसणे लिहिलेल्या रचनेतही असू शकते, हे या चित्रपटावरून मान्य करावे.

शिवाय एलिंग्टन यांच्याकडे लिहिणे म्हणजे कोणत्याही ट्रम्पेटसाठी लिहिणे नसे. वर्षानुवर्षे सोबत असलेल्या अमुक वादकाचा अमुक आवाज डोळ्यांसमोर ठेवून ते लिहीत. जॉनी हॉजेस यांच्या आल्टो सॅक्सोफोनसाठी लिहिलेली ओळ दुसऱ्याने वाजवली, की ती ओळ तीच राहत नाही. इथे ऐकणे वादनाच्या आधी, लिहिताना झालेले असते.

प्रतिसाद ३

वरील प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. त्यात 'चायनाटाउन'ची भर घालतो. आधीच्या संगीतकाराचे काम बाजूला ठेवल्यावर जेरी गोल्डस्मिथ यांनी हे संगीत दहा दिवसांत केले. एक ट्रम्पेट, चार पियानो, चार हार्प, तंतुवाद्ये आणि तालवाद्ये, असा चमत्कारिक वाद्यमेळ त्यांनी निवडला. यूअन रेझी यांचा ट्रम्पेट लिहिलेलीच धून वाजवतो, परंतु आजूबाजूचे पियानो आणि हार्प तिला आधार देण्याऐवजी तिच्याभोवती खुपणारे आवाज करत राहतात. तीसच्या दशकातली कथा १९७४ साली सांगताना आलेली ही जाणीव आहे, असे मला वाटते: ट्रम्पेटला जुन्या काळात रमायचे आहे आणि बाकीचा वाद्यवृंद त्याला रमू देत नाही. आपल्या व्याख्येनुसार ही खूणच आहे, पण ती खूण स्वतःवरच शंका घेते.

धागाकर्ता

प्रतिसाद २ आणि ३ वाचून मी माझ्या मांडणीत दुरुस्ती करतो. लिहिलेले आणि न लिहिलेले अशी रेषा मला ओढायची नव्हती, पण माझ्या उदाहरणामुळे ती ओढली गेली. रेषा ऐकण्याची आहे, आणि हॉजेस यांचा दाखला त्या दृष्टीने माझ्या उदाहरणाइतकाच सबळ आहे. घुमाऱ्याबद्दलची माहितीही मोलाची वाटली. काल रात्री दोन्ही रूपे ऐकली. कोरड्या रूपात क्लार्क यांचे ब्रश ड्रमच्या कातड्यावरून फिरताना इतके स्पष्ट ऐकू येतात, की आजवर मी हे वादन ट्रम्पेटपुरतेच ऐकत आलो होतो, असे वाटले.

प्रतिसाद ४

चर्चा अमेरिका आणि फ्रान्स यांच्याभोवतीच फिरत आहे. पोलंडकडे वळल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. स्टालिनच्या काळात तिथे जॅझकडे परक्या, शत्रुपक्षाच्या संगीताप्रमाणे पाहिले जात असे आणि वादक घराघरांतून, आडोशाने वाजवत. १९५६ साली वातावरण सैल झाल्यावर सोपोत येथे जॅझ महोत्सव भरला आणि त्यात क्रिश्तोफ कोमेदा यांनी आपल्या संचासह वाजवले. ते व्यवसायाने डॉक्टर होते. त्यांचे खरे आडनाव त्शचिन्स्की. कोमेदा हे नाव त्यांनी संगीतासाठी घेतले, कारण त्या काळात डॉक्टरने जॅझ वाजवणे ही उघड मिरवण्यासारखी बाब नव्हती.

ज्या समाजात जॅझ असा लपून वाढला, तिथे तो पडद्यावर आल्यावर पाप किंवा गुन्हा यांची खूण कसा होईल? १९६२ सालच्या रोमान पोलान्स्की यांच्या 'नाइफ इन द वॉटर'ला कोमेदा यांचेच संगीत आहे. त्यात एक नवरा, त्याची बायको आणि वाटेत भेटलेला एक तरुण, एवढी तीनच माणसे आहेत. बहुतेक सारे एका शिडाच्या नौकेवर घडते. ना शहर, ना रात्रीची झगमग, सगळीकडे पाणी आणि उजेड. स्वीडनचे बेर्न्त रोसेनग्रेन यांचा टेनर सॅक्सोफोन त्या मोकळ्या पाण्यावर येतो, तेव्हा तो त्या नौकेवरच्या चौथ्या माणसासारखा वाटतो, जो कोणाचीही बाजू घेत नाही. नवऱ्याचा अहंकार, तरुणाची खुमखुमी आणि बाईचा कंटाळा यांपैकी कशाचेही तो समर्थन करत नाही. जॅझ आणि काळोख यांचे नाते नैसर्गिक नसून अमेरिकी चित्रपटांनी जोडलेले आहे, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. कोमेदा १९६९ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षाच्या आतच गेले, ही पोलंडच्याच नव्हे तर सगळ्या चित्रपटसंगीताची हानी आहे, असे मी मनापासून मानतो.

प्रतिसाद ५

जॅझवादकांच्या जीवनावरचे चित्रपट अजून कोणी चर्चेत आणले नाहीत. तिथे 'कोण कोणाचे ऐकते' हा प्रश्न फार तीव्र होतो. दोन चित्रपट शेजारी ठेवतो.

१९८६ सालच्या बेरत्राँ ताव्हेर्निए यांच्या 'राउंड मिडनाइट'मध्ये मुख्य भूमिका टेनर सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन यांनी केली आणि वादनाचे प्रसंग चित्रीकरणाच्या वेळी प्रत्यक्ष वाजवून ध्वनिमुद्रित करण्यात आले. संगीतासाठी हर्बी हँकॉक यांना ऑस्कर मिळाले, आणि गॉर्डन यांना अभिनेत्याचे नामांकन मिळाले. त्यात वादकांचे चेहरे पाहावेत. एकल वादन चालू असताना बाकीचे जे करतात तो अभिनय नाही. पुढच्या क्षणी काय येईल याची त्यांना खरोखरच कल्पना नसते.

दोनच वर्षांनी क्लिंट ईस्टवूड यांनी चार्ली पार्कर यांच्यावर 'बर्ड' केला. तिथे पार्कर यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून त्यांचा सॅक्सोफोन जमेल तेवढा वेगळा काढून लेनी नीहाउस यांच्या देखरेखीखाली हयात वादकांकडून नवी साथ वाजवून घेतली गेली. तांत्रिकदृष्ट्या ते काम थक्क करणारे आहे आणि त्या चित्रपटाला ध्वनीसाठी ऑस्कर मिळाले. तरीही ते ऐकताना मला दर वेळी अस्वस्थ वाटते. पार्कर १९५५ साली गेले. ते या साथीदारांचे ऐकू शकत नाहीत. साथीदार त्यांच्या प्रत्येक वळणाला तत्पर उत्तर देतात, पण त्या उत्तरावर पार्कर पुढचे काही वेगळे वाजवतील, ही शक्यताच उरलेली नाही. मूळ ध्वनिमुद्रणे निकृष्ट होती, मोठ्या पडद्याच्या ध्वनियंत्रणेवर ती टिकली नसती, हे सारे मान्य. निर्मात्यांनी हे प्रेमापोटी केले, यातही शंका नाही. पण जॅझमधला संवाद दुतर्फा असतो, आणि इथे तो एकतर्फी झाला.

प्रतिसाद ६

प्रतिसाद १ मधील क्लिक ट्रॅकच्या मुद्द्याला जोडून 'बर्डमॅन'चा उल्लेख करतो. २०१४ सालच्या या चित्रपटात अंतोनियो सांचेस यांचे एकट्या ड्रमचे संगीत आहे. आरंभीच्या सत्रांत दिग्दर्शक इन्यारितू त्यांच्यासमोर बसून प्रसंग मनात चालवत आणि पात्र दार उघडते किंवा वळते, त्या क्षणी हात वर करत. सांचेस तो हात पाहून वादनाचे वळण बदलत. यंत्राच्या टिकटिकीऐवजी समोर बसलेल्या माणसाचा हात होता, एवढ्याने किती फरक पडतो ते चित्रपटात ऐकू येते. चित्रपटात अभिजात संगीताच्या आधीच्या रचनाही असल्याने ऑस्कर देणाऱ्या अकादमीने हे संगीत पुरस्काराच्या स्पर्धेसाठी अपात्र ठरवले. नियम काहीही असो, त्या निर्णयाचे मला आजही वाईट वाटते.

प्रतिसाद ७

गप्प बसण्याचे आणखी एक उदाहरण, थोडक्यात. १९६८ सालच्या 'बुलिट'चे संगीतकार लालो शिफ्रिन हे पूर्वी जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांचे पियानोवादक होते. मोटारींच्या प्रसिद्ध पाठलागाआधी त्यांचे संगीत हळूहळू चढत जाते आणि खरा पाठलाग सुरू होताच थांबते. पुढे ऐकू येतात ती इंजिने आणि टायर. इंजिनांना एकल वादनाची जागा देऊन संगीतकार बाजूला झाला, असेच मी त्याकडे पाहतो.

प्रतिसाद ८

उत्स्फूर्ततेच्या गौरवात एक सावधगिरी हवी. जॉन कॅसाव्हेट्स यांच्या 'शॅडोज'च्या शेवटी, आपण आत्ता पाहिलेला चित्रपट उत्स्फूर्त होता, अशा अर्थाची पाटी येते. प्रत्यक्षात १९५९ सालची जी आवृत्ती आपण पाहतो, तिचा मोठा भाग लिहून, पुन्हा चित्रित करून केलेला आहे. संगीताची गोष्ट याच्या उलट आहे. या चित्रपटाचे संगीतकार चार्ल्स मिंगस यांना संगीत विचारपूर्वक लिहून काढायचे होते आणि दिग्दर्शकाला हवे होते वादकांचे तत्काळ वादन. अखेरीस चित्रपटात आपल्याला बरेचसे ऐकू येते ते शफी हादी यांचे एकट्याचे सॅक्सोफोनवादन. ते सुंदर आहे. पण कृष्णवर्णीय संगीतकाराकडून फक्त उत्स्फूर्ततेचीच अपेक्षा करायची आणि त्याच्या रचनाबुद्धीला वेळ द्यायचा नाही, हीसुद्धा जॅझला खूण करून टाकण्याचीच एक तऱ्हा आहे. धागाकर्त्यांनी यावर विचार करावा.

धागाकर्ता

प्रतिसाद ८ मधील आक्षेप मला पटला, आणि माझ्या मूळ लेखात तो विचार नव्हता हे कबूल करतो. 'लिहिलेले संगीत नव्हते' हे वाक्य मी ज्या कौतुकाने लिहिले, त्याच कौतुकाने 'लिहिण्यासाठी वेळ दिला गेला' हेही लिहिता यायला हवे. एलिंग्टन आणि स्ट्रेहॉर्न यांना तो मिळाला, मिंगस यांना मिळाला नाही.

प्रतिसाद ५ वाचल्यापासून १९७४ सालचा 'द कॉन्व्हर्सेशन' मनातून जात नाही. कोपोला यांच्या या चित्रपटाला डेव्हिड शायर यांनी मुख्यतः एकट्या पियानोचे संगीत दिले आहे. जीन हॅकमन यांनी केलेला हॅरी कॉल हा इतरांचे बोलणे चोरून ध्वनिमुद्रित करणारा तज्ज्ञ आहे. ऐकणे हाच त्याचा धंदा, पण त्याच्याशी कोणी बोलू लागले की तो आक्रसतो. घरी आल्यावर तो खुर्चीत बसून ध्वनिमुद्रिकेबरोबर टेनर सॅक्सोफोन वाजवतो. तबकडीवरचे वादक त्याच्यासाठी थांबत नाहीत, आणि ध्वनिमुद्रिकेतल्या टाळ्या जणू त्यालाच मिळाल्या अशा बेताने त्याचे वादन संपते. प्रतिसाद ५ मधील हयात साथीदारांची जी अवस्था आहे, तीच हॅरीची आहे. तो उत्तर देऊ शकतो, पण त्याच्या उत्तराला उत्तर येणार नाही.

शेवटी आपल्याच घरात कोणी ध्वनिग्राहक लपवला आहे या भयाने तो भिंतींचा गिलावा आणि जमिनीच्या फळ्या उखडतो. काही सापडत नाही. मग त्या उद्ध्वस्त खोलीत बसून तो सॅक्सोफोन वाजवतो, या वेळी ध्वनिमुद्रिकेविना. कॅमेरा वरून या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि पुन्हा परत फिरत राहतो, पाळत ठेवणाऱ्या यंत्रासारखा. शायर यांचा पियानो त्या सुरांना येऊन मिळतो. तो पियानो हॅरीला ऐकू येत नाही, आपल्याला येतो. चित्रपट पाहिलेल्यांनी तेवढा शेवटचा प्रसंग पुन्हा पाहावा आणि पियानो नेमका कोणत्या क्षणी आत येतो, ते इथे लिहावे. त्या क्षणाविषयी मला अजून बोलायचे आहे.